पायांना आठवणारे बोर्ड

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेलिंग आयलंड नावाचं बेट आहे. १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या १२ वर्षांच्या मुलाने तिथल्या खाडीत एक फळी उतरवली. फळीवर डोलकाठी, डोलकाठीला शीड आणि शिडाच्या दोन्ही अंगांना धरायला दोन सरळ पट्ट्या. त्या पट्ट्या धरून, फळीवर उभा राहून, शीड मागेपुढे कलतं करत तो वाऱ्यावर हिंडायचा. त्याने त्याचं पेटंट घेतलं नाही, कारखाना काढला नाही. मोठं झाल्यावर लहानपणच्या बहुतेक वस्तू मागे पडतात, तशी ही फळीही मागे पडायची. ती पोचली थेट कोर्टात.

विंडसर्फिंगचं पेटंट हाती असलेल्या ‘विंडसर्फिंग इंटरनॅशनल’ या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने इंग्लंडमध्ये ‘ताबूर मरीन’ या कंपनीवर खटला भरला होता. १९८०च्या दशकात तो अपील कोर्टापर्यंत गेला. ही कल्पना पेटंटच्या आधीपासून लोकांसमोर होती, असा ताबूरचा बचाव होता आणि त्यासाठी चिल्व्हर्सच्या फळीची हकीकत कोर्टापुढे आली. पेटंटमधला बूम, म्हणजे शीड धरायचा दांडा, वक्र होता आणि मुलाच्या पट्ट्या सरळ होत्या. पण त्या लवचीक होत्या. वारा भरला की त्या बाकदार होत आणि पेटंटमध्ये वर्णन केलेल्या आकाराच्या जवळ जात. कोर्टाने हे मान्य केलं आणि इंग्लंडमधलं पेटंट रद्द ठरलं. पेटंट कायदा शिकणाऱ्यांना हा निकाल आजही वाचावा लागतो. भारतातल्या न्यायालयांनीही त्याचा आधार घेतला आहे.

कायद्याच्या दृष्टीने तो नावीन्याचा प्रश्न होता. मला त्यात एक दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन तपांपूर्वीच्या एका घरगुती फळीच्या पट्ट्या वाऱ्यात कशा वाकत, एवढा बारीक तपशील टिकून राहिला आणि एका जगभर गाजलेल्या धंद्याला भारी पडला. विंडसर्फिंग करणाऱ्यांच्या सहवासात ज्यांनी चार दिवस काढले आहेत, त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. ही माणसं शर्यतींचे निकाल विसरतील, पण वीस वर्षांपूर्वी विकलेल्या बोर्डाची फिन, म्हणजे बुडाखालचा कल्ला, किती लांब होती, उजव्या टाचेखाली त्याचा रंग कुठे गेला होता, आडव्या लाटेवर तो कुठल्या बाजूला ओढ घ्यायचा, हे सगळं सांगतील. आणि आवडता बोर्ड कुठला असं विचारलं, तर फार थोडे जण आपल्या सर्वांत वेगवान बोर्डाचं नाव घेतात. असं का होतं, याचा हा शोध आहे.

सुकाणू नसलेली नाव

आधी हे यंत्र कसं चालतं ते पाहू. विंडसर्फिंगच्या बोर्डाला सुकाणू नसतं. डोलकाठीच्या बुडाशी सगळ्या दिशांना फिरणारा एक सांधा असतो, युनिव्हर्सल जॉइंट. त्यामुळे शीड कुठल्याही बाजूला कलू शकतं, आणि ते उभं राहतं ते माणसाच्या हातांच्या जोरावर. शीड मागे कलवलं की वाऱ्याचा दाब मागे सरकतो आणि बोर्डाचं नाक वाऱ्याकडे वळतं. पुढे कलवलं की नाक वाऱ्यापासून दूर जातं. वळण घ्यायचं तेही असंच. नावेत बसलेल्या खलाशाच्या आणि वाऱ्याच्या मधे दोऱ्या, कप्प्या, सुकाणूचा दांडा असं बरंच काही असतं. इथे वारा हातांतून अंगात शिरतो आणि तळपायांतून बोर्डात उतरतो. पाण्याची खबर उलट्या वाटेने, बोर्डातून तळपायांत येते.

या सांध्याआधीही प्रयत्न झाले होते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बीने १९६४ मध्ये शिडाची फळी बनवली. तिचं शीड पतंगाच्या आकाराचं होतं आणि डोलकाठी बुडाशी दोरीने बांधलेली. ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाच्या ऑगस्ट १९६५च्या अंकात त्याने तिची सगळी कृती छापली. त्यानेही पेटंट घेतलं नाही, आणि त्याचा तो लेखही ताबूरच्या खटल्यात पुरावा झाला. डार्बीचं हे काम आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेलं आहे.

ज्या बोर्डाने हा खेळ जगभर नेला, तो घडवला दोघांनी. जिम ड्रेक हा विमानविद्येतला इंजिनीअर. एक्स-१५ आणि बी-७० यांसारख्या विमानांवर त्याने काम केलं होतं. हॉइल श्वाइट्झर हा त्याचा लाटांवर सर्फिंग करणारा मित्र. मे १९६७ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे इथे ड्रेकने पहिल्यांदा हा बोर्ड पाण्यात चालवून पाहिला. मार्च १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज झाला, जानेवारी १९७० मध्ये पेटंट मिळालं. ड्रेकने १९६९ मध्ये एका वैमानिकी परिसंवादात या खेळावर निबंध वाचला. पुढे १९७३ मध्ये त्याने आपला पेटंटमधला वाटा श्वाइट्झरला ३६,००० डॉलरला विकून टाकला.

पहिलं प्रेम २७ किलोचं

तो बोर्ड म्हणजे ‘विंडसर्फर’. लांबी १२ फूट, वजन सुमारे २७ किलो, पॉलिइथिलिनच्या साच्यातून काढलेलं अंग, आत फोम, वर सुमारे ५ चौरस मीटरचं शीड आणि सागवानी बूम. पाय अडकवायला पट्टे नव्हते. अंगाचं वजन शिडावर टाकायला हार्नेसही नव्हता. बोर्डाच्या मधोमध एक खाच आणि त्यात खाली उतरवलेली लाकडी फळी, डॅगरबोर्ड. ती असली की बोर्ड वाऱ्याने आडवा वाहून जात नाही. पण वारा वाढला आणि वेग आला की तीच बोर्डाला एका कडेवर उचलून उलटं करू पाहते. मग ती उपसायची आणि तिच्या पट्ट्यात हात घालून दंडाला लटकवून न्यायची. दोन्ही हातांत शीड, दंडावर ओली जड फळी, पायाखाली गुळगुळीत प्लास्टिक. त्या काळात शिकलेल्या प्रत्येकाच्या आठवणीत दंडावरचा तो वळ आहे.

आणि अपहॉलची दोरी. शीड पाण्यात आडवं पडलेलं. बोर्डावर गुडघे टेकून हळूहळू उभं राहायचं, जाड दोरी दोन्ही हातांत धरायची, गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार मागे टाकायचा. पहिले दोनतीन क्षण काहीच हलत नाही, कारण शिडावर पाणी साचलेलं असतं. मग शिडाची एक कड पाण्याच्या वर येते, पाणी घरंगळतं आणि वजन एकदम निम्म्यावर येतं. नवशिका नेमका इथेच मागे पडतो. ज्याला हा क्षण आधी कळू लागला तो उभा राहतो. हे कुणी सांगून कळत नाही. बोर्ड तळपायांखाली जरासा सैल होतो, तीच खूण. एकदा ती ओळखता आली की पुढच्या कुठल्याही बोर्डावर ओळखता येते.

माझ्या मते आवडत्या बोर्डाचं मूळ इथे आहे. ज्या बोर्डाने शरीराला एखादी गोष्ट पहिल्यांदा शिकवली, तो बोर्ड शरीर विसरत नाही. आणि शिकवतात ते बहुधा बोर्डाचे दोष. जडपणामुळे धीर शिकता आला, पट्टे नव्हते म्हणून पायांची जागा शिकता आली, कडेवर उठणाऱ्या स्वभावामुळे तोल शिकता आला. विंडसर्फरचा हा कडेवर उठायचा दोषच पुढे कला झाला. हवाईच्या केलुआ किनाऱ्यावरचा रॉबी नेश हा १९७६ मध्ये वयाच्या १३व्या वर्षी बहामाजमध्ये विश्वविजेता झाला. बोर्ड मुद्दाम कडेवर उभा करून त्या कडेवर उभं राहून जायची करामत त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. त्या अवजड फळीच्या खोडीतून एवढं निघालं!

हा बोर्ड सगळ्यांचा एकसारखा होता, हेही विसरता येत नाही. शर्यतीत सगळे एकाच घडणीच्या बोर्डावर, त्यामुळे हरलं तर बोर्डाला दोष देता येत नसे. कॅलिफोर्निया, हॉलंड, जपान, कुठलाही विंडसर्फर भेटला तरी दोघांच्या पायांना एकच बोर्ड आठवत असे. इतकी वैयक्तिक आठवण इतक्या लोकांची सामायिक असणं ही खेळाच्या जगातही दुर्मीळ गोष्ट आहे.

आखूड होत गेलेली दशकं

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात केलुआच्या तरुणांनी लाटांवरून उड्या मारायला सुरुवात केली. हवेत बोर्ड पायांखालून निसटायचा, म्हणून त्यांनी त्यावर पट्टे बसवले. फूटस्ट्रॅप आले आणि खेळ पालटला. पाय बोर्डाला जोडले गेल्यावर बोर्ड लहान करता येऊ लागला. माउई बेटावरच्या हूकिपाच्या लाटांवर हातांनी घडवलेले आखूड बोर्ड दिसू लागले. काही तर इतके लहान की माणूस उभा राहिला की थेट बुडत. त्यांवर दोरीने शीड ओढता येत नाही. पाण्यात पाठीवर पडून शीड वाऱ्यात धरायचं आणि वाऱ्यानेच आपल्याला पाण्याबाहेर ओढून बोर्डावर उभं करायचं. त्याला वॉटरस्टार्ट म्हणतात. पोहायला शिकण्यात जसा पाय सुटण्याचा एक क्षण असतो, तसा विंडसर्फरच्या आयुष्यातला हा क्षण. तो ज्या बोर्डावर आला त्याचं नाव माणूस मरेपर्यंत सांगतो.

मग कंपन्यांचं युग आलं आणि बोर्डांना नावं आली. मिस्ट्रल, एफ-टू, फॅनॅटिक, हायफ्लाय, टिगा. पेनं बनवणाऱ्या फ्रान्सच्या बिकने ताबूरचा व्यवसाय विकत घेतला आणि बिकचे पॉलिइथिलिनचे टणक, स्वस्त बोर्ड किनाऱ्याकिनाऱ्यांवर पोचले. आज पन्नाशी-साठीत असलेल्या युरोपातल्या विंडसर्फरसमोर ‘एफ-टू सनसेट स्लॅलम’ किंवा ‘मिस्ट्रल स्क्रीमर’ एवढं म्हटलं तरी पुरतं. चेहऱ्यावर उजेड पडतो. बिकचा ‘एस्ट्रो रॉक’ कुणी फारसा मिरवला नाही, पण कितीतरी जणांनी पहिला वेग त्याच्यावर अनुभवला. खडकावर आदळला तरी त्याला काही होत नसे, आणि शिकणाऱ्याला हाच गुण सर्वांत मोठा.

वेगाचीही एक गाथा आहे. १९८३ मध्ये इंग्लंडच्या वेमथ इथे फ्रेड हेवूडने ३०.८२ नॉटचा वेग गाठला. १९८६ मध्ये कॅनरी बेटांतल्या फ्वेर्तेव्हेन्तुरा इथे पास्काल माकाने ३८.८६ नॉट नोंदवले आणि शिडावर चालणाऱ्या सर्व नौकांचा जागतिक उच्चांक पहिल्यांदाच एका माणसाच्या पायाखालच्या फळीकडे आला. पुढे २०१५ मध्ये नामिबियातल्या ल्युडरिट्झच्या खास खणलेल्या कालव्यात आंत्वान आल्बोने ५३.२७ नॉट गाठले. ताशी ९८ किलोमीटरच्या पुढे. या विक्रमांचे बोर्ड अरुंद, सुईसारखे. ते कौतुकाचे विषय होतात. प्रेमाचा विषय मात्र क्वचितच, कारण ते कुणाला काही शिकवत नाहीत. ज्याला सगळं येतं त्यालाच ते उपयोगी पडतात.

ऑलिंपिकची उचलबांगडी

बोर्ड बदलला की शरीर बदलावं लागतं, याचा सर्वांत कडक अनुभव ऑलिंपिकच्या खेळाडूंना आला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला विंडसर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं ते ‘विंडग्लायडर’ या ३.९ मीटर लांब बोर्डावर. हॉलंडच्या स्टेफान व्हान डेन बर्गने सुवर्ण जिंकलं. १९८८ आणि १९९२ मध्ये लेखनर बोर्ड आला. त्याचं बूड गोलसर, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाताना त्यावर नुसतं उभं राहणं हेच कसब. १९९६, २०००, २००४ अशी तीन ऑलिंपिक ‘मिस्ट्रल वन डिझाइन’ची: ३.७२ मीटर लांब, १५ किलोंच्या आसपास, ७.४ चौरस मीटरचं शीड. २००८ पासून टोकियोपर्यंत ‘आरएस:एक्स’, आखूड आणि जवळजवळ ९३ सेंटिमीटर रुंद. आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या शर्यतींत ‘आयक्यूफॉइल’.

न्यूझीलंडचे भाऊबहीण ब्रूस आणि बार्बरा केंडल यांची पदकं या बोर्डांच्या क्रमाने वाचता येतात. ब्रूसला विंडग्लायडरवर कांस्य आणि लेखनरवर सुवर्ण. बार्बराला १९९२ मध्ये लेखनरवर सुवर्ण, मग मिस्ट्रलवर १९९६ मध्ये रौप्य आणि २००० मध्ये कांस्य. एकाच बाईने दोन संपूर्ण वेगळ्या स्वभावांच्या बोर्डांवर आठ वर्षं पदकाच्या पंगतीत राहणं, याचं मोल ज्याने बोर्ड बदलून पाहिला आहे त्यालाच कळेल. मिस्ट्रलनेच १९९६ मध्ये हाँगकाँगला त्याचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. ली लाय-शान ही च्युंग चाउ बेटावरची मुलगी, मामाच्या विंडसर्फिंग केंद्रावर हे सगळं शिकलेली. २००४ मध्ये गाल फ्रीडमनने इस्रायलला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं, तेही मिस्ट्रलवरच. एका साध्या, लांबट, पांढऱ्या फळीने दोन भूमींच्या क्रीडा-इतिहासाची पहिली ओळ लिहिली.

२०१२ च्या मे महिन्यात शिडांच्या खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑलिंपिकमधून विंडसर्फिंग काढून त्या जागी काइट सर्फिंग घ्यायचं ठरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये तो निर्णय फिरवला गेला. मधले सहा महिने कितीतरी मुलं आपले बोर्ड विकायचे की ठेवायचे या विचारात होती. खेळाचे निर्णय कागदावर होतात, पण ते पडतात कुणाच्या तरी गॅरेजमधल्या बोर्डावर.

आपल्यालाही याचा एक अनुभव आहे. ऑलिंपिकने आरएस:एक्सला रजा दिली, तरी २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत तो होता, आणि त्याच बोर्डावर भारताच्या इबाद अलीने कांस्यपदक जिंकलं. ज्याला जगाने जुना म्हणून बाजूला ठेवलं, त्याने आपल्याला पदक दिलं.

दोना पावलाचा वारा

आपल्या भागात या खेळाचं खरं घर म्हणजे गोवा. मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांच्या मुखांमधलं दोना पावलाचं पाणी, दुपारनंतर वायव्येकडून भरणारा खारा वारा, फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा हंगाम. राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही गोव्यातलीच. कात्या आणि डेन कोएल्हो ही गोव्याची भावंडं आंतरराष्ट्रीय शर्यतींत भारतासाठी उतरली. त्यांच्यासारखी नवी पिढी बहुतेक ‘टेक्नो २९३’वर घडली. हा बिकचा २९३ सेंटिमीटरचा, रुंद, मजबूत बोर्ड. युवा ऑलिंपिकमध्येही हाच होता. मुलांसाठी बनवलेला बोर्ड दोन गोष्टी सहन करतो: चुका आणि ओढून नेणं. टेक्नो दोन्ही सहन करतो.

मी स्वतः शिकलो ते दुसऱ्या हाताच्या पॉलिइथिलिनच्या बोर्डावर. उन्हाने त्याचं पिवळं अक्षर फिकट झालं होतं आणि हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागायची. गाडीच्या टपावर कधीतरी कुणी पट्टा फार आवळला असावा, म्हणून पुढच्या भागात बुडाला एक पोकळ खळगा होता. त्या खळग्यामुळे तो डावीकडच्या अंगाने जाताना किंचित कुजबुजायचा. पॉलिइथिलिनला सहसा गोंद धरत नाही. इपॉक्सी लावली तर वाळून खपली निघून येते. त्यामुळे त्याचे ओरखडे तसेच राहतात आणि ते वाचता येतात: हा शिंपल्यांच्या खडकाचा, हा जेट्टीच्या पायरीचा.

नंतरचे बोर्ड वेगळे. थर्मोकोलसारखा हलका गाभा, त्यावर काचेच्या धाग्याचं कापड, मग फोमचा थर, पुन्हा कापड, वर रंग. हलके आणि चपळ, पण नाजूक. हार्नेस अडकलेला असताना वाऱ्याचा झोत आला की माणूस पुढे फेकला जातो आणि डोलकाठी बोर्डाच्या नाकावर आदळते. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चीर दिसते. त्यातून आलेला पाण्याचा थेंब जिभेवर घेऊन पाहायचा. खारट लागला तर समुद्र आत शिरलाय. मग बोर्ड सावलीत उभा करून कित्येक दिवस वाळवायचा, ८० नंबरच्या कागदाने रंग घासून कापडापर्यंत जायचं, भेगेपेक्षा मोठे होत जाणारे कापडाचे तुकडे इपॉक्सीत भिजवून बसवायचे, वरून प्लास्टिक ताणून हवेचे बुडबुडे बोटाने काढायचे. गोव्याच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट साय धरते, म्हणून ही कामं पाऊस ओसरून हवा कोरडी होईपर्यंत ठेवावी लागतात. आणि बोर्डाच्या पाठीवरचा हवेचा स्क्रू: गाडीत किंवा उन्हात ठेवताना सैल, पाण्यात जाण्याआधी घट्ट. हा स्क्रू तपासायची सवय इतकी मुरते की विंडसर्फर दुसऱ्याच्या बोर्डापाशी बोलत उभा असला तरी अंगठा तिकडे जातो.

दुरुस्त केलेला बोर्ड जास्त जवळचा होतो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यात नुसती माया नसते. बोर्डाचं आतलं अंग, त्याचा गाभा, त्याचे थर, कुठे तो पोकळ वाजतो, हे आपल्या बोटांनी पाहिलेलं असतं. नंतर पाण्यात तो जे करतो त्याचं कारण आपल्याला कळतं. वापरणारा आणि घडवणारा यांच्यातलं अंतर त्या चिरेएवढं उरतं.

पाणी सोडून गेलेला बोर्ड

आयक्यूफॉइलचा बोर्ड २२० सेंटिमीटर लांब, ९५ सेंटिमीटर रुंद. खाली जवळजवळ एक मीटर लांब उभा खांब आणि त्याच्या टोकाला विमानाच्या पंखांसारखे छोटे पंख. ठरावीक वेग आला की ते पंख अख्ख्या बोर्डाला पाण्याच्या वर उचलतात. मग बोर्ड पाण्याला लागतच नाही. लाटांचा तडतडाट थांबतो, पायांना येणारी ती जुनी खबर थांबते. त्या जागी पायांना एक नवी भाषा शिकावी लागते: खांब किती बुडाला आहे, पंख हवा खेचतोय का, पुढच्या पायावर किती वजन टाकलं की उंची टिकते. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांत इस्रायलचा टॉम रेऊव्हेनी आणि स्त्रियांत इटलीची मार्ता माजेत्ती जिंकले ते या भाषेत.

कुणी म्हणेल, आता बोर्ड पाण्याला शिवतच नाही तर आठवण कशाची राहणार? मला तसं वाटत नाही. आजची पंधरा वर्षांची मुलगी एखाद्या बोर्डावर ज्या क्षणी पहिल्यांदा वर उचलली जाईल, तो क्षण ती विसरणार नाही. तिच्या पायांना तोच बोर्ड आठवेल.

पण मागे वळून पाहणंही थांबलेलं नाही. २०१८ च्या सुमारास जुना विंडसर्फर नव्याने बाजारात आला, ‘विंडसर्फर एलटी’ या नावाने. लांबी तीच १२ फूट. वजन २७ वरून १५ किलोवर, शीड ५.७ चौरस मीटरचं. तो थायलंडमध्ये कोब्रा कंपनीत तयार होतो. हीच कंपनी जगातले बहुसंख्य विंडसर्फिंग बोर्ड बनवते. या वर्गाच्या स्पर्धांत पूर्वीप्रमाणेच चार प्रकार आहेत: त्रिकोणी शर्यत, स्लॅलम, लांब पल्ला आणि करामती. इटलीच्या गार्डा सरोवरावर, जिथे सकाळी उत्तरेचा पेलेर आणि दुपारी दक्षिणेचा ओरा वारा घड्याळासारखा येतो, तिथे चाळीस वर्षांपूर्वी शिकलेले आजोबा आणि विशीतली मुलं एका ओळीत सुरुवात करतात. आजोबांना वेगाची हौस उरलेली नसते असं नाही, पण त्यांच्या पायांना हा बोर्ड ओळखता येतो. कित्येक वर्षं न केलेली वळणं ते करून दाखवतात.

कुणाच्या पायाखाली

हे सगळं लिहिण्यामागे माझं एक मागणं आहे. हलके बोर्ड आयुष्य संपलं की कचऱ्यात जातात. काच, फोम आणि इपॉक्सी इतकी एकजीव असतात की त्यांचा पुनर्वापर होत नाही. पॉलिइथिलिनचे जुने बोर्ड मात्र दशकानुदशकं टिकतात आणि नेमके तेच क्लबांच्या मागच्या शेडमध्ये, कुणाच्या अंगणात, कुणाच्या घराच्या गच्चीवर धूळ खात पडलेले असतात. मालकाला ते टाकवत नाहीत, कारण त्यांवर तो शिकला. आणि तो ते वापरतही नाही, कारण आता त्याच्याकडे त्यापेक्षा चांगला आहे.

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त लांबीचा किनारा आहे. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ले, जिथे जाल तिथे खाडीचं सपाट पाणी आहे, दुपारी खारा वारा आहे, पहाटे मतलई वारा आहे. हे दोन्ही वारे तिथल्या कोळ्यांच्या, भंडाऱ्यांच्या पोरांना पाठ आहेत. त्यांच्या घरात शीड कुणी ना कुणी चालवलेलं आहे. त्यांना स्पर्धेचा महागडा बोर्ड नको. रुंद, जड, टणक, चुका सहन करणारा बोर्ड हवा, म्हणजे नेमका तोच, जो आपल्या गच्चीवर पडला आहे. सोबत तरंगतं जाकीट, एक जाणता माणूस, आणि मोठा वारा नसेल तेव्हाचं पाणी, एवढं पुरे.

ज्याने तुम्हाला शिकवलं तो बोर्ड जपून ठेवण्याचा सर्वांत खरा मार्ग त्याला भिंतीवर टांगणं हा नाही. त्याचा हवेचा स्क्रू असला तर तो तपासा, दोरी नवी लावा, फिन घट्ट करा आणि तो एखाद्या बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला द्या. हेलिंग आयलंडच्या मुलाचं वय तेवढंच होतं. आपल्या खाड्यांत अशी मुलं आजही आहेत, आणि त्यांना पहिला बोर्ड आपणच देऊ शकतो.